टायर घरी बदलायचा की दुकानात? आधी चाक काढायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आहे आणि घरात वडिलांची अलॉय व्हीलवाली दीडशे सीसीची गाडी आहे. दोन्ही गाड्यांचे मागचे टायर संपत आलेत. टायर ऑनलाइन जरा स्वस्त मिळतायत, पण बाहेरून आणलेला टायर बसवायचे दुकानदार जास्त पैसे सांगतो. मग लिव्हर (टायर उचकटायचे लोखंडी पट्टे) वगैरे सामान घेऊन हे काम घरीच करावं का? आणि पुढच्या उन्हाळ्यात हिमाचलमधल्या स्पीतीला जायचंय, तर तोवर हे शिकून ठेवावं का?

माझं स्वतःचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे आणि टायर बसवायचे मी पैसे घेतो. तेव्हा माझं उत्तर वाचताना तेवढं लक्षात असू द्या. तरीही मी म्हणेन की वडिलांच्या गाडीचा टायर दुकानात बसवा आणि हिमालयनचा घरी, स्वतःच्या हाताने. दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि पैशाचा त्यात फारसा संबंध नाही.

तुमच्या प्रश्नात दोन कामं एकात मिसळली आहेत. गाडीवरून चाक काढून परत बसवणं हे एक काम. त्या चाकावरून जुना टायर उतरवून नवा चढवणं हे दुसरं. लोकांना भीती वाटते ती दुसऱ्या कामाची, कारण त्यात जोर लागतो, लिव्हर लागतात, हात सोलवटतात. पण त्यात चूक झाली तर ती सहसा तिथेच कळते. ट्यूब चिमटली तर अंगणातच हवा उतरते, टायरची कड नीट बसली नाही तर डोळ्याला दिसते. पहिल्या कामातली चूक मात्र रस्त्यावर गेल्यावर कळते. एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा, नट अर्धवट आवळलेला, बुश (त्या दांड्यावरचे नळीसारखे तुकडे) उलटसुलट बसवलेले, चाक वाकडं बसलेलं, ड्रम ब्रेकच्या टॉर्क आर्मचा (ब्रेकची प्लेट जागेवर धरणाऱ्या पट्टीचा) नट विसरलेला. हा शेवटचा प्रकार सगळ्यांत वाईट. टॉर्क आर्म सुटला की ब्रेक दाबताच ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरायला बघते, रॉड ओढला जातो आणि चाक जाम होऊ शकतं.

माझ्याकडे एकदा एक गाडी आली होती, दुसरीकडे टायर बदलून घेतलेली. तक्रार एवढीच, की गाडी एका बाजूला ओढते. चाकामागे बसून चेनच्या ओळीत बघितलं तर चेनचा ताण बदलणारा डावा अ‍ॅडजस्टर तिसऱ्या खुणेवर आणि उजवा जवळजवळ पाचव्या. नवा टायर, चांगल्या कंपनीचा, व्यवस्थित चढवलेला, हवा बरोबर. फक्त चाक तिरकं. स्प्रॉकेटचे (चेन बसते त्या चक्राचे) दात एका अंगाने चकाकायला लागले होते. टायर बसवणाऱ्याचं टायरचं काम चोख होतं, चाकाचं नव्हतं.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, टायर कुठेही बसवा, पण चाक स्वतः काढायला आणि बसवायला शिका. चाक सुटं करून दुकानात न्या. तिथला माणूस मशीनवर टायर चढवून देईल, तुम्ही चाक घरी आणून सावकाश बसवा. बसवणावळ कमी लागते, गाडी दुकानात ताटकळत नाही आणि बाहेरून आणलेल्या टायरवरून होणारी कुरकुरही बरीच कमी होते. दुकानदाराचा राग बहुतेक वेळा टायरवर नसतो, वेळ जाण्यावर असतो. सुटं चाक हातात दिलं की त्याचं काम दहा मिनिटांचं होतं.

चाक हातात आलं की एरवी कधी न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवून बघा, खरखर लागली तर बेअरिंग आताच बदला. स्प्रॉकेटचा भाग सुटा होत असेल तर आतले हब रबर दाबून बघा. ते दबून सैल झाले असतील तर गिअर टाकताना बसणारा झटका तिथूनच येतो. ब्रेक लायनर किंवा पॅड किती उरलेत तेही दिसतं. घाईतला दुकानदार यातलं काही बघणार नाही. आणि त्याने का बघावं? तुम्ही त्याला टायरचे पैसे देताय.

आता वडिलांची गाडी. अलॉय व्हील, ट्यूबलेस टायर. हा टायर हाताने निघतो, पण ट्यूबलेसची कड रिमला घट्ट धरून बसलेली असते. ती सोडवण्यासाठी बीड ब्रेकर, म्हणजे कड दाबून सोडवायचं अवजार, लागतो. काही जण दुसऱ्या गाडीच्या साइड स्टँडखाली टायर धरून दाबतात. त्यानेही कड सुटते, पण चाक घसरलं की अलॉयच्या ओठाला मार बसतो. ट्यूबलेसमध्ये हवा रिमच्या त्या ओठावरच अडवलेली असते. तिथे लिव्हरने खोल ओरखडा पडला तर रोज सकाळी हवा कमी झालेली दिसेल. शिवाय नव्या ट्यूबलेस टायरची कड रिमवर बसायला एकदम भरपूर हवा लागते. सायकलच्या पंपाने ते होत नाही, टायरला हवा मारायच्या लहान इन्फ्लेटरनेही बऱ्याचदा होत नाही. दुकानात मशीन आणि कॉम्प्रेसर दोन्ही असतात. मग हा त्रास का घ्यायचा? फक्त दुकानात टायर चेंजर मशीन आहे ना, एवढं आधी विचारा. हातोड्याने कड सोडवणाऱ्याकडे अलॉयचं चाक देऊ नका. आणि रबरी वॉल नवा टाकायला सांगा. तो स्वस्त असतो, आणि जुना वॉल बुडाशी चिरला तर नव्या टायरची हवा जाते.

रुंद रेडियल टायरवाल्या गाड्यांना हे आणखी लागू आहे. ड्यूक ३९० चा १५०/६० चा मागचा टायर मीही हाताने चढवत बसत नाही.

हिमालयनची गोष्ट वेगळी. तुमच्या ४११ ला स्पोकची चाकं आहेत, टायरच्या आत ट्यूब आहे. पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर टायर न काढता बाहेरूनच प्लग मारून पुढे जाता येतं. ट्यूबच्या टायरचं तसं नाही. पंक्चर झालं की चाक काढा, टायरची एक बाजू उतरवा, ट्यूब बाहेर काढा, जोडा किंवा बदला, परत चढवा. काझा आणि लोसरच्या मधल्या रस्त्यावर हे करायची वेळ आली तर तिथे दुकान शोधत बसायचं का? म्हणजे तुम्हाला हे काम यायलाच हवं आणि शिकायची सर्वांत चांगली वेळ आत्ताची आहे. टायर तसाही बदलायचाच आहे, घरची फरशी आहे, पाणी आहे, हाताशी दुसरी गाडी आहे आणि बिघडलं तर ट्यूब आणायला दुकान जवळ आहे.

कसं करायचं ते सांगतो. व्हिडिओत जे पटकन निसटून जातं त्यावर जास्त बोलतो.

एक्सलचा नट चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच थोडा सैल करा, मग गाडी मेन स्टँडवर घ्या. चाक काढायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. डाव्या आणि उजव्या बाजूचे बुश सारख्या लांबीचे नसतात, म्हणून ते निघतील तसे क्रमाने एका फडक्यावर मांडत जा. हिमालयनला मागेही डिस्क आहे. चाक बाहेर आलं की दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी किंवा लाकडाचा पातळ तुकडा घाला आणि घरातल्या सगळ्यांना ब्रेकला पाय लावू नका म्हणून सांगा. पॅड मिटले तर चाक परत बसवताना उगीच झटापट होते. चाक जमिनीवर डिस्क खाली करून ठेवू नका. एबीएसवाल्या गाडीत डिस्कजवळची खाचांची रिंगही जपायची. खाली जुना टायर अंथरून त्यावर चाक ठेवलं तर सगळं सुरक्षित राहतं.

वॉलमधली पिन चावीने पूर्ण काढा, हवा सगळी जाऊ द्या. मग कड सोडवा, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण गोल. ट्यूबचा टायर असल्याने कड बऱ्याचदा टाचेने दाबूनही सुटते. नाही सुटली तर साइड स्टँडची युक्ती चालेल, फक्त स्टँडचा पाय रबरावर टेकवा, रिमवर नको.

आता या कामातली खरी मेख. रिमच्या मधोमध सगळीकडून फिरणारी एक खोलगट घळ असते. टायरची कड तारेची असते, ती ताणली जात नाही. मग ती रिमच्या ओठावरून बाहेर कशी येते? समोरच्या बाजूची कड त्या घळीत उतरली की या बाजूला तेवढीच जागा मोकळी होते. नाक दाबलं की तोंड उघडतं, तसंच हे. तुम्ही लिव्हर जिथे घातलाय त्याच्या बरोबर समोर गुडघा टेकवून कड घळीत दाबून ठेवायची. एवढं केलं तर लिव्हर दोन बोटांनी उचलता येतो. लिव्हरवर अंगाचा सगळा भार टाकावा लागत असेल तर थांबा, समोरची कड घळीतून वर आली आहे. लिव्हर मोडणं, रिम वाकणं, टायरची कड फाटणं हे सगळं त्या क्षणी पुढे रेटल्याने होतं.

लिव्हर तीन घ्या, एक वाक असलेला असला तर उत्तम. एका वेळी दोन-अडीच इंचांपेक्षा मोठा घास घेऊ नका. कडेला साबणाचं पाणी भरपूर लावा. ग्रीस, इंजिन ऑइल, पेट्रोल यांतलं काही रबराला लावू नका. ऑइल-ग्रीस तिथेच राहतं आणि ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकू शकतो. ट्यूबचा टायर सरकला की ट्यूबही त्याच्याबरोबर सरकते आणि वॉल बुडाशी तुटतो. नवा टायर आधी तासभर उन्हात ठेवा, रबर मऊ पडतं. आपल्याकडच्या उन्हाचा हा फायदा थंड प्रदेशातल्या व्हिडिओवाल्यांना मिळत नाही.

जुना टायर निघाला की रिमच्या आतली रबरी पट्टी तपासा. ती फाटली किंवा सरकली असेल तर स्पोकच्या निपलची टोकं ट्यूबला टोचतात. पट्टी मामुली किमतीची असते, नवीच टाका. ट्यूबही नवी. जुनी ट्यूब वापरात ताणलेली असते, नव्या टायरमध्ये तिची घडी पडते.

नवा टायर ठेवताना कडेवरचा बाण चाक फिरायच्या दिशेने आहे ना, हे दोनदा बघा. बहुतेक टायरवर रंगाचा लहान ठिपका असतो, तो टायरची हलकी बाजू दाखवतो. तो वॉलशेजारी आणा, वॉलचं वजन तिथे भरून निघतं. पहिली कड जवळजवळ हातानेच चढते. मग ट्यूबला थोडी टाल्कम पावडर चोळा आणि ती गोल उभी राहील इतपतच हवा भरून आत घाला. अगदी रिकामी ट्यूब लिव्हरखाली येते, जास्त भरलेलीही येते. वॉल भोकातून बाहेर काढून नट दोन आटे लावून सोडा, आवळू नका.

दुसरी कड वॉलच्या समोरून चढवायला सुरुवात करा आणि वॉलपाशी संपवा. बरेच जण उलटं करतात. वॉलपाशी ट्यूबचं बूड जाड असतं, कड तिथे अडकून घळीत उतरत नाही, आणि मग शेवटचे चार इंच जाता जात नाहीत. वॉलपाशी संपवलं तर समोरची कड मोकळेपणाने घळीत बसते. शेवटचा घास घेताना वॉल आत ढकला, म्हणजे ट्यूब कडेखालून वर निघते. लिव्हर उभा होण्यापलीकडे नेऊ नका. टोक आत जास्त गेलं की ट्यूब लिव्हर आणि रिमच्या मध्ये सापडते. मग पाण्यात धरल्यावर शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा दिसतात. खिळ्याचं भोक एक असतं, लिव्हरने केलेल्या इजेच्या बऱ्याचदा दोन.

हवा भरा, सगळी सोडून द्या, परत भरा. पहिल्या खेपेला ट्यूबच्या वळ्या पडतात, दुसऱ्यांदा त्या निघतात. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक रेघ असते, ती दोन्ही बाजूंना रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. एखाद्या जागी ती रिममध्ये बुडालेली असेल तर हवा काढा, तिथे साबणाचं पाणी लावा, परत भरा. कड बसत नाही म्हणून मी ४० पीएसआयच्या वर जात नाही, तुम्हीही जाऊ नका. मग हवा नेहमीच्या दाबावर आणा आणि वॉलचा नट रिमला घट्ट न करता टोपीकडे वर नेऊन ठेवा. पुढे कधी ट्यूब सरकली तर वॉल तिरका झालेला दिसेल, तुटण्याआधी कळेल.

चाक बसवताना चेनचा ताण मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा ठेवा. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणा दोन्हीकडे सारख्या आहेत ना, ते बघा. मी खुणांवर पूर्ण भरवसा ठेवत नाही, स्विंगआर्मच्या पुढच्या बोल्टपासून एक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजतो. एक्सल आवळायला टॉर्क पाना (ठरावीक जोराने नट आवळता येणारा पाना) वापरा, आकडा मॅन्युअलमध्ये आहे. गाडी हलवायच्या आधी ब्रेक दोन-तीनदा दाबून दाब येऊ द्या. पॅड मागे सरकलेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. पुढचं चाक काढाल तेव्हाही हेच. जुन्या केबलच्या मीटरवाल्या गाड्यांना पुढच्या हबमध्ये मीटरचा वर्म (केबल फिरवणारं गिअर) असतो. त्याच्या पाकळ्या खाचेत बसल्या नसतील आणि तुम्ही एक्सल आवळलात तर त्या चेपतात, मग मीटर बंद.

पहिल्यांदा याला अर्धा दिवस जाईल असं धरून चाला. संध्याकाळी कुठे जायचं असेल त्या दिवशी हे काम काढू नका.

आता पैशांचं. आमच्या भागात सुट्या चाकावर टायर बसवायचे शंभर ते तीनशे घेतात, टायर आणि दुकान बघून. तीन बरे लिव्हर, रिमला लावायचे प्लास्टिकचे पट्टे, वॉलची चावी, हवेचं गेज, लहान इन्फ्लेटर आणि टॉर्क पाना हे सगळं धरलं तर पाच-सहा हजार सहज जातात. म्हणजे बसवणावळीत ते वसूल व्हायला कमीत कमी वीसेक टायर लागतील. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याचा मागचा टायर दीड-दोन वर्षं जातो, पुढचा त्याहून जास्त. हिशेब तुम्हीच करा. पैसे वाचवायला म्हणून सामान घेत असाल तर घेऊ नका. स्पीतीसाठी घेत असाल तर जरूर घ्या. टॉर्क पाना आणि गेज मात्र टायर दुकानात बसवणाऱ्यानेही घ्यावं. दुकानातून आलेल्या चाकात मला चाळीस-पन्नासपर्यंत हवा सापडते, कारण कड बसवायला भरलेली हवा कमी करायची राहून जाते.

ऑनलाइन टायर घेताना दोन गोष्टी बघा. कडेवर चार आकडी तारीख असते. ३५२४ म्हणजे २०२४ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला टायर. वर्षाच्या आतला असला तर छानच, दोन वर्षांहून जुना असला तर मी परत करतो, सवलतीत मिळाला तरी. दुसरं म्हणजे मापाशेजारचा आकडा आणि अक्षर, जसं ५२पी. ५२ म्हणजे २०० किलो भार, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. मूळ टायरपेक्षा यातलं काही कमी असलेला टायर घेऊ नका, विशेषतः मागे सामान लादून घाट चढायचा असेल तर. आयएसआय शिक्का आपल्याकडे सक्तीचा आहे, तो नसेल तर पुढे बघायचीही गरज नाही. आणि जवळच्या दुकानातला भाव दोन-तीनशेच जास्त असेल तर तिथूनच घ्या. टायरच्या कडेला फुगा आला तर दावा करायला समोर माणूस लागतो.

नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर गाडी फार झुकवू नका, जोरात ब्रेक मारू नका. पावसात तर अजिबात नाही. वडिलांना हे आवर्जून सांगा.

स्पीतीला निघायच्या आधी घरीच एकदा दोन्ही चाकांची ट्यूब काढून-घालून बघा. त्या वेळी फक्त गाडीबरोबर नेणार आहात तेच सामान वापरा, घरचा कॉम्प्रेसर किंवा मोठा पाना नाही. काय कमी पडतंय ते लगेच कळेल. आणि दोन ट्यूब नेण्याइतकी जागा नसेल तर २१ इंची पुढची ट्यूब घ्या. ती अडीअडचणीला मागच्या १७ इंची चाकात घडी घालून बसते आणि हळू चालवत पुढच्या गावापर्यंत नेते. १७ ची ट्यूब २१ च्या चाकात ताणून घालू नका. त्या गावात पोचलात की मागची ट्यूब योग्य मापाची टाका आणि २१ ची परत सामानात ठेवा.